फिनलंडच्या युद्धकाळातल्या विमानांच्या चित्रफिती: कोणता संग्रह कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धातल्या फिनिश हवाई दलाची हलती दृश्ये शोधायला निघालात, की समोर मुख्यतः तीन साठे येतात: फिनिश सैन्याचे स्वतःचे वार्तापट, जर्मनीचा साप्ताहिक वार्तापट आणि ब्रिटिश पाथे या वार्तापट कंपनीचा साठा. चौथा साठा स्थिरचित्रांचा. तो बाजूला ठेवून या विषयात कुणी फार पुढे जाऊ शकेल असे मला वाटत नाही.

फिनिश वार्तापटापासूनच सुरुवात करा. ‘पुओलुस्तुसवोइमाइन कात्साउस’ म्हणजे संरक्षण दलांचा वार्तापट १९४१ ते १९४४ या काळात निघत होता. त्यासाठीचे चित्रण सैन्याच्या माहिती तुकड्यांमधले कॅमेरामन करत. हेलसिंकीची ‘कावी’ ही राष्ट्रीय दृकश्राव्य संस्था हा वारसा सांभाळते आणि तिच्या ‘एलोनेट’ या संकेतस्थळावर नोंदी शोधता येतात. या साठ्याचे खरे बळ जमिनीवर आहे. इंजिनाभोवती जमलेले यांत्रिक, बंदुकांत भरले जाणारे काडतुसांचे पट्टे, उड्डाणाआधी पंखावर चढणारा वैमानिक हे सगळे इथे जवळून दिसते. दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्याला एवढी जवळीक क्वचितच मिळाली.

हवेतल्या झुंजीची अपेक्षा मात्र कमी ठेवा. ब्रूस्टर, फोकर डी-२१, मेसरश्मिट ही सगळी एकाच माणसाची विमाने. त्यांत कॅमेरामन बसणार कुठे? म्हणून वार्तापटात सलग वाटणारी ‘लढाई’ ही पुष्कळदा वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या तुकड्यांची जुळणी असते. इंजिनाचा आवाज आणि निवेदनही बहुधा मागाहून चढवलेले. शिवाय सगळे सैन्याच्या तपासणीतून गेलेले, त्यामुळे पराभव आणि अपघात पडद्यावर फारसे येत नाहीत. हा दस्तऐवज सैन्याने आपल्या लोकांना काय दाखवले याचा आहे, आणि त्या नजरेने पाहिला तर तो अमोल आहे.

जर्मन ‘डॉइचे वोखेनशाऊ’ तांत्रिकदृष्ट्या सफाईदार आहे, पण फिनिश विमान हवे असलेल्याने तिथे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. सोव्हिएत युनियनविरुद्ध फिनलंडच्या बरोबरीने लढणारे जर्मन हवाई दल उत्तर फिनलंडमध्ये स्वतः तळ ठोकून होते. १९४४ च्या जून-जुलैत कुल्मेय या अधिकाऱ्याची जर्मन तुकडी आग्नेय फिनलंडमधल्या इम्मोला तळावरून स्टुका ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने आणि फोके-वुल्फ १९० ही लढाऊ विमाने उडवत होती. फिनलंडकडे स्टुका नव्हतीच. तेव्हा ‘फिनिश स्टुका’ असे शीर्षक दिसले, तर शीर्षक चुकीचे समजावे.

ओळख पटवायची खूण चिन्हात आहे. फिनिश विमानाच्या धडावर आणि पंखांवर पांढऱ्या वर्तुळात निळे स्वस्तिक असते. जर्मन विमानाच्या धडावर काळा-पांढरा क्रूस आणि शेपटीवर नाझी चिन्ह. फिनिश स्वस्तिक नाझींकडून आलेले नाही. स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेनने १९१८ मध्ये भेट दिलेल्या विमानावर ते होते, तेथून ते हवाई दलाचे चिन्ह झाले आणि १९४५ मध्ये विमानांवरून उतरवले गेले. आपल्या ओळखीच्या चिन्हाबद्दल इंटरनेटवर किती बेजबाबदारपणे लिहिले जाते हे पाहून वाईट वाटते, म्हणून ही गोष्ट विस्ताराने सांगितली.

दुसरी खूण पिवळ्या पट्ट्याची. जून १९४१ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत फिनिश विमानांच्या धडावर पिवळा पट्टा असे. तो दिसला तर दृश्य १९३९-४० मध्ये सोव्हिएत युनियनशी झालेल्या हिवाळी युद्धाचे नाही. मात्र कृष्णधवल फिल्मवर फसगत होते: सर्व रंगांना संवेदनशील फिल्मवर पिवळा फिकट दिसतो, तर लाल न टिपणाऱ्या जुन्या प्रकारावर गडद. शिवाय पूर्व आघाडीवरची जर्मन विमानेही पिवळे पट्टे लावत. त्यामुळे पट्ट्याने काळ ठरवा, देश नाही. धडावरची अक्षरे वाचता आली तर प्रश्नच मिटतो: बीडब्ल्यू म्हणजे ब्रूस्टर, एफआर म्हणजे फोकर, बीएल म्हणजे ब्लेनहाइम, एमटी म्हणजे मेसरश्मिट.

ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये सुमारे ८५ हजार चित्रफिती यूट्यूबवर टाकल्या. पाहायला सोपे, शोधायला सोपे, इंग्रजी निवेदन. पण हिवाळी युद्धाबद्दलच्या परदेशी वार्तापटांत भर मुख्यतः बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या हेलसिंकीवर आणि बर्फातल्या सैनिकांवर. जगाने फिनलंडकडे कसे पाहिले हे समजून घ्यायला उत्तम, विमानांसाठी अपुरे.

आता स्थिरचित्रे. फिनिश सैन्याचा ‘एसए-कुवा’ संग्रह २०१३ मध्ये सर्वांना खुला झाला. सुमारे १ लाख ६० हजार छायाचित्रे, बहुतेकांना मूळ तारीख आणि ठिकाण, आणि ‘एसए-कुवा’ असा उल्लेख करून वापरायची मुभा. विमानाची प्रतिकृती बांधणाऱ्याला रंगरेषा, स्कीवरचा फोकर, बंदुकांची जागा हे सगळे चित्रफितीपेक्षा इथे स्पष्ट मिळेल. शोध फिनिशमध्ये घ्या: विमानाला ‘लेंतोकोने’, लढाऊ विमानाला ‘हॅवित्तॅयॅ’. रंगांची खात्री करायची तर तिक्काकोस्कीच्या हवाई दल संग्रहालयातले ब्रूस्टर बीडब्ल्यू-३७२ आहे. जून १९४२ मध्ये पाडले गेलेले हे विमान १९९८ मध्ये रशियातल्या तळ्यातून वर काढले आणि नव्याने रंगवण्याऐवजी जसे सापडले तसेच जपले.

तर निवड अशी. प्रतिकृतीसाठी एसए-कुवा पहिला, फिनिश वार्तापट नंतर. व्हिडिओ किंवा माहितीपट करणार असाल तर फिनिश वार्तापटाच्या अंकाचा क्रमांक टिपून हक्कांबद्दल थेट कावीला विचारा. पाथेची दृश्ये वापरायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात. फक्त पाहायचे असेल तर पाथेने सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. आणि जर्मन वार्तापट घ्यायचाच तर ४ जून १९४२ चा प्रसंग निवडा: फिनलंडचे सरसेनापती मानरहाइम यांच्या ७५ व्या वाढदिवसाला हिटलर इम्मोलाला उतरला. त्या भेटीचे फिनिश चित्रणही आहे. दोन्ही शेजारी लावून पाहिलीत, तर एकच धावपट्टी दोन देशांनी आपापल्या जनतेला कशी दाखवली ते तपासता येईल.