मोबाईलचा पुरावा करून देतो म्हणाला, ३८,५०० घेतले आणि पुरावाच घालवला

दोन महिने घरीसुद्धा बोललो नाही, लाज वाटत होती. काल नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर एक काका तसाच मोबाईल हातात धरून चौकशी करताना दिसले म्हणून लिहितोय.

माझा द्राक्षाच्या खोक्यांचा धंदा आहे. एका व्यापाऱ्याने ३,१२,००० थकवले. "दादा, माल गेला की सगळे देतो" असे त्याचे व्हॉइस मेसेज होते, आकड्यासकट कबुली. दाव्यात ते लावायचे तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं एवढं मला माहीत होतं, वकीलसाहेब बाहेरगावी होते, म्हणून कोर्टाबाहेर भेटलेल्या एका 'सायबर एक्स्पर्ट'कडे गेलो. कॅनडा कॉर्नरला ऑफिस, दोन मोठे मॉनिटर, भिंतीवर फ्रेमा. कोणीही विश्वास ठेवला असता. आधी ५,००० रोख, मग १८,००० यूपीआय, शेवटी "हॅश काढायचे वेगळे" (हॅश म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) म्हणून १५,५००.

त्याने पिन विचारला आणि एका पांढऱ्या स्टिकरवर लिहून फोनच्या मागे चिकटवला. तिथंच उठायला हवं होतं मी! पावती नाही, फोनचा ओळख नंबर (आयएमईआय) लिहून घेतला नाही, फ्लाइट मोड नाही, सीलबंद पाकीट नाही, सगळं डोळ्यासमोर चाललं होतं आणि मी चहा पीत बसलो. फोन कोणाच्या हातात देताय त्याची सही घेतल्याशिवाय देऊच नका.

तीन दिवसांनी फोन मिळाला तर व्हॉट्सअॅप नव्याने टाकलेलं, व्हॉइस मेसेज गायब. सर्टिफिकेट जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यात भाग अ आपण आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. आणि ज्याचे १५,५०० घेतले ती हॅश व्हॅल्यू कुठेच नाही.

वकीलसाहेब म्हणाले, अहो, खोतकर-गोरंट्याल केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून मूळ फोन दाखवला तर सर्टिफिकेटची गरजच नाही. म्हणजे फोन कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं. त्या रात्री झोप लागली नाही.

पोलीस स्टेशनला गेलो तर "हे सिव्हिल आहे". सायबरवाल्यांकडे गेलो तर "आधी तुमच्या स्टेशनला जा". १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर "तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना, कामाचे?" चार चकरा, दुकान बंद ठेवून, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, पावती कुठंय. पावती असती तर मी तुमच्याकडे आलो असतो का? शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर लावला. पोच मागाच, सोडू नका.

यूपीआयचे स्क्रीनशॉट तेवढे आहेत, रोखीचे ५,००० तर धरूच नका. फोनवरचा तो स्टिकर अजून काढलेला नाही, वकील म्हणाले तसाच राहू दे, अक्षर त्याचं आहे.