रस्ट: तीन महिन्यांनंतरचा अभिप्राय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी, नोकरी सांभाळून, गेले तीन महिने मी रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकत आहे. तिच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते ती नवख्या माणसाला कशी वागवते आणि जुन्याला कशी धरून ठेवते, याबद्दल.

एकदा दुसरीकडे सोपवलेले मूल्य मी पुन्हा वापरू पाहिले, तेव्हा कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, नुसता नकार दिला नाही. मूल्य कोणत्या ओळीत हातचे गेले ते अधोरेखित केले, प्रत घेण्याचा मार्ग सुचवला आणि ई०३८२ हा क्रमांक दिला, ज्यावरून त्या चुकीचे सोदाहरण विवेचन लगेच वाचता येते. असा संदेश गोंधळात टाकणारा वाटला, तर त्याची तक्रार नोंदवण्यासाठी प्रकल्पाने स्वतंत्र नमुनाच ठेवला आहे. अधिकृत पाठ्यपुस्तकही विनामूल्य आहे. सयाजीरावांनी जिथून गावोगावी ग्रंथांच्या पेट्या पाठवल्या, त्या शहरात याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

माणसे टिकतात ती मात्र केलेले काम वाया जात नाही म्हणून. १५ मे २०१५ रोजी १.० आवृत्ती आल्यापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, तरी जुना कोड मोडू नये यासाठी प्रकाशित झालेल्या हजारो क्रेट, म्हणजे रस्टमधल्या कोडचे गठ्ठे, 'क्रेटर' या साधनाने नव्या कंपायलरवर बांधून पाहिल्या जातात. जुन्याशी न जुळणारे बदल २०१८, २०२१, २०२४ अशा एडिशनांमध्ये येतात. ते कधी स्वीकारायचे हे क्रेटचा लेखक ठरवतो, आणि निरनिराळ्या एडिशनांच्या क्रेट एकाच प्रोग्राममध्ये नांदतात. पायथन या भाषेची, जुन्या कोडशी न जुळणारी, तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, पण दुसरीचा आधार थांबायला १ जानेवारी २०२० उजाडावे लागले. ती अकरा वर्षे आठवली की या सोयीची किंमत कळते.

सारेच सुरळीत चालले असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये, रस्ट प्रकल्पाचा मुख्य गट कुणालाही उत्तरदायी नाही असे सांगून, शिस्त सांभाळणाऱ्या गटाने एकत्रितपणे राजीनामा दिला, आणि नवे नेतृत्वमंडळ २०२३ मध्ये आले. इतका विलंब मला खटकतो. मोठे प्रकल्प कंपाइल व्हायला वेळ लागतो, हा दोषही सर्वज्ञात आहे.

तरीही मी पाचपैकी साडेचार तारे देते. सुरुवात करणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाला, म्हणजे मालकीच्या नियमांना, निवांत एक आठवडा द्यावा. पुढची प्रकरणे त्यावरच उभी आहेत.