‘अतिदुर्मिळ’ जर्मन इंजिन आणि कोपरखैरण्याचे आजोबा

मॉडेल रेल्वेचा नाद असलेली माणसं आपल्याकडे मोजकीच. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून अनेकांना हा नाद लागतो आणि मग कळतं की दुकानात जाऊन घ्यावं असं इथे फारसं काही मिळतच नाही. ई-बे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. बाहेरून मागवावं, तर खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं, आणि स्केल मॉडेलं त्याच खात्यात मोडतात. त्यामुळे एखाद्या लिलावाच्या साइटवर कुणी ‘माल भारतातच आहे, कस्टमची कटकट नाही’ असं लिहिलं की आपण सगळे तिकडे धावतो. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. माझे साडेसव्वीस हजार कसे गेले ते ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींनी नीट वाचावं, कारण तो माणूस अजून विकतोय आणि पत्ता इकडचाच देतो.

माझ्याकडे हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी आहे. नौपाड्यातल्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली सरकवता येईल एवढ्या प्लायवर बसवलेला. हॉर्नबीच्या गाड्या ओओ म्हणजे १:७६ प्रमाणातल्या, युरोपातल्या बहुतेक एचओ म्हणजे १:८७ च्या, पण दोन्हींच्या रुळांतलं अंतर तेच, १६.५ मिलिमीटर. म्हणून एचओ इंजिन आपल्या रुळांवर बसतं, हे या छंदातल्या कुणालाही माहीत असतं.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘अतिदुर्मिळ मार्कलिन ३०००, एचओ, मूळ खोक्यासह, चालू स्थितीत, आजोबांच्या संग्रहातलं.’ मार्कलिन ही जर्मन कंपनी, ३००० हा मॉडेलचा नंबर. छोटं काळं वाफेचं इंजिन, तीन जोड्या चाकं, दिसायला एकदम गोंडस. लिलाव नऊ हजारांपासून सुरू. त्याच साइटवर हेच इंजिन आणखी दोघांनी थेट विक्रीला लावलेलं, एकाने ४८ हजारांना, दुसऱ्याने ५५ हजारांना. ते आकडे पाहिल्यावर पंचवीस-सव्वीस हजार कुणालाही रास्तच वाटतील.

ते दोन विक्रेते वेगळे नव्हतेच. पैसे गेल्यावर मी तिन्ही जाहिरातींचे फोटो मोठे करून शेजारीशेजारी ठेवले. तिन्हींत खाली तोच निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या छतावर डाव्या कोपऱ्यात तोच ओरखडा. इंजिन एकच, खाती तीन. महागडी दोन खाती विकण्यासाठी नव्हतीच, तिसरं स्वस्त दिसावं म्हणून होती. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. कुणीही काहीही मागावं आणि वर्षभर तसंच लटकवून ठेवावं, त्याला खर्च येत नाही. बघायचं ते ‘विकल्या गेलेल्या वस्तूं’चं फिल्टर लावून. ते लावलं तेव्हा परदेशातल्या साइटवर हेच मॉडेल याच्या पाव किमतीलाही जात नसल्याचं दिसलं. आणि दुर्मिळ कसलं? मार्कलिनने हे इंजिन कितीतरी वर्षं बनवलं, मुलांच्या पहिल्या सेटमध्येसुद्धा घालून विकलं.

लिलावात माझी कमाल बोली साडेसव्वीस हजारांची. अशा साइटवर आपण कमाल आकडा देऊन ठेवतो आणि समोरचा जितका चढेल तितकीच साइट आपली बोली वाढवते. समोरचा पाचशे-पाचशेने चढत राहिला, माझा आकडा फोडला आणि सत्तावीसवर जिंकला. त्याचा फीडबॅक शून्य होता आणि त्याने आजवर बोली लावलेल्या सगळ्या वस्तू याच एका विक्रेत्याच्या होत्या. म्हणजे आपण कुठवर ताणू शकतो ते काढून घ्यायला बसवलेला घरचाच गडी.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: ‘सर, जिंकणाऱ्याने माघार घेतली. तुमच्या बोलीला देतो, फोन करा.’ अशी दुसरी संधी देण्याची खरीखुरी सोय साइटवर असते, पण ती साइटच्या आतच येते आणि पैसेही आतच भरायचे असतात. इथे फोन नंबर आला. माझा आवाज ऐकल्यावर ‘सर’चं ‘काका’ झालं.

‘काका, साइटवरून घेतलंत तर कमिशन जातं, तुमचं नि माझं दोघांचं नुकसान. यूपीआय करा, कुरिअर माझ्याकडून.’

मी म्हटलं, कोपरखैरण्यालाच राहतोस ना, मी लोकलने येतो, बघून घेतो.

‘आई ॲडमिट आहे हो काका. मी हॉस्पिटलमध्येच असतो. आज पार्सल केलं तर केलं, नाहीतर दुसरे एक जण मागतायत.’

ठाण्याहून कोपरखैरणं ट्रान्स हार्बरवर अर्ध्या तासाच्या आत. इतक्या जवळचा माणूस वस्तू समोरासमोर दाखवायला तयार नसेल, तर कारण कितीही काळजाला हात घालणारं असो, फोन तिथेच ठेवावा. आईचं आजारपण काढलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, हे त्याला माहीत होतं.

मी ठेवला नाही, पैसे पाठवले. पार्सल आलं, हे मात्र खरं. आत इंजिनही होतं आणि ते मार्कलिनचंच होतं. रुळावर ठेवलं, नॉब फिरवला, तर कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि सगळं बंद. उलटं करून पाहिलं. पोटाखाली मधोमध चमच्याच्या दांड्यासारखी लांब, झिजलेली धातूची पट्टी. जाहिरातीत आठ-दहा फोटो होते, पोटाचा एकही नव्हता.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हॉर्नबीसारख्या गाड्यांत एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते, म्हणून दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेसाठी तोडलेली असतात. मार्कलिनची एचओ पद्धत वेगळी. तिथे रुळांच्या मधल्या खुंट्यांवर ही पट्टी घासत जाते आणि वीज तिच्यातून येते. दोन्ही रूळ मिळून एकच तार, त्यामुळे चाकं आपसांत जोडलेली. असं इंजिन दोन रुळांवर ठेवलं की सरळ शॉर्ट सर्किट. शिवाय जुन्या मार्कलिनला एसी लागतं, साधारण १६ व्होल्ट, आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका. आपला डीसी कंट्रोलर तिथे काही कामाचा नाही.

खोकंही दुसऱ्याच कशाचं. टोकावरचा छापील नंबर ४ ने सुरू होणारा, म्हणजे डब्याचा. त्या काळातल्या इंजिनांचे नंबर ३ ने सुरू होत. फोटोत नेमका तिथे त्याचा अंगठा होता.

फोन केला तर शांतपणे म्हणाला, ‘काका, एचओ लिहिलंय, एचओच आहे. दोन रुळांवर चालेल असं कुठे लिहिलंय?’ आणि गंमत बघा, त्याचं म्हणणं अक्षरशः खरं. एचओ हे फक्त प्रमाण झालं, विजेचं त्यात काहीच येत नाही. ‘चालू स्थितीत’ हेही बहुधा खरंच असेल, मार्कलिनच्या रुळावर. त्यानंतर नंबर ब्लॉक.

साइटचं उत्तर ठरलेलं: व्यवहार बाहेर झाला, संरक्षण लागू नाही. बँकेचंही तेच, पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. नोंदणी क्रमांक मिळाला, पुढे हालचाल नाही. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मी पार्सलची वाट बघत बसलो होतो, तोवर ते पैसे कुठल्या कुठे गेले असणार. पार्सलवरच्या पत्त्यावर कोपरखैरण्याला जाऊन आलो. रो-हाउस आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. दुकानदार वर न बघताच म्हणाला, ‘ते खेळण्यातल्या गाडीवाले ना? तुमच्याआधी पण एक जण येऊन गेले.’

‘आजोबांचा संग्रह’ हे शब्द उगाच पडलेले नाहीत. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम, नेहमीचा धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिक म्हणून घरातली वस्तू विकणाऱ्या माणसाला लागू होत नाहीत. पण याच्या तिन्ही खात्यांवरच्या जुन्या जाहिराती काढल्या तर एका इंजिनाला आजोबा, दुसऱ्याला जर्मनीतला मामा, तिसऱ्याला ‘माझं लहानपण’. महिन्याला इतके नातेवाईक संग्रह विकायला काढत असतील तर तो धंदाच झाला. कुणी फसलं असेल तर या सगळ्या जाहिरातींचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा, मी जोडलेत. आणि घेण्याआधी पोटाचा फोटो आणि तुमच्यासारख्याच रुळावर चालतानाचा व्हिडिओ मागा, मागे त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. खरा छंदी माणूस आनंदाने पाठवतो, वर गिअरला तेल कधी घातलं तेही ऐकवतो.

माझं इंजिन मी विकायला काढलंय. मधल्या खुंट्यांवरून वीज घेणारं, एसीवरचं, खोकं दुसऱ्याचं, छतावर ओरखडा, असं सगळं लिहून. पोटाचा फोटो पहिला. आतापर्यंत सगळ्यात मोठी मागणी साडेचार हजारांची आली आहे, आणि ते गृहस्थ व्हिडिओ मागतायत.