जुनी फायबर बोट की हवेची बोट?

पैठणच्या नाथसागर जलाशयासारख्या उथळ, पसरट पाण्यात वारा सुटला की आखूड लाटा उठतात. तिथं चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी १४ फुटी फायबर बोट बरी. पण घेताना मागची फळी, म्हणजे इंजिन लागतं ती, नाण्यानं ठोकून बघाच. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून आतलं लाकूड कुजलंय. इंजिन वर-खाली हलवा, फळी लवली तर सौदा सोडा. इंजिन चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार सलग पडली पाहिजे; नसेल तर बहुधा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी पातं गेलेलं असतं.

हवेची, म्हणजे फुगवायची बोट घडी करून गाडीच्या डिकीत मावते, ट्रेलर लागत नाही. मात्र उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर बाभळीचे काटे उघडे पडतात. भर उन्हात हवा फुगून शिवणींवर ताण येतो, डिंक सुटतो. घेण्याआधी रात्रभर फुगवून ठेवून बघा. गारव्यानं थोडी सैल पडणं चालतं, एकच कप्पा बसला तर गळती शोधायला शिवण आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा.

लहान मुलं असतील तर फायबरच. लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे हवं, मोठ्यांचं मुलांना चालत नाही. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, परवानगीचं आधी विचारा.