कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि ऑक्टोबरचं ऊन

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो. बुधवारी बंद असतं, म्हणून गुरुवार धरला. पहिली सूचना: सकाळीच जा. ऑक्टोबर हीटमध्ये अकरानंतर वाघसुद्धा सावली सोडत नाही, आपली काय कथा!

आवार मोठं, तब्बल 130 एकर. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवरच्या गाडीचं वेगळं तिकीट काढा, मी काढलं. पण सर्पोद्यानात मात्र पायीच रमतगमत फिरा. तिथे मगर आ वासून दगडासारखी पडलेली. "आजोबा, ही खोटी आहे," नातू ठामपणे म्हणाला. मगरीला घाम येत नाही, म्हणून ती तोंड उघडं ठेवून अंग थंड करते, हे सांगतोय तोच तिने पापणी मिटली. पोरगं माझ्या मागे! पुढे अस्वलापाशीही माझा शर्ट घट्ट धरूनच उभा होता.

आमच्या लहानपणी प्राणी पेशवे पार्कात, पिंजऱ्यात दिसायचे. इथे पांढरा वाघ खंदकापलीकडे, झाडीत. दिसेल तेव्हा दिसेल. वीस मिनिटं थांबलो, शेपटीचं टोक तेवढं हललं. मला तेच आवडलं, नातवाला अजिबात नाही.

बाहेर एका गाडीवरची भेळ घेतली, कुरमुरे अगदी सादळलेले. डबा घरूनच न्या. टोपीही. आम्ही विसरलो होतो, संध्याकाळी दोघांची नाकं लाल.