रॅपरच्या विणलेल्या पिशवीचा आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये पुण्यातल्या एका प्रदर्शनातून घेतली, १४५० रुपये. वेफर्स, बिस्किटं, साबण पावडर यांची टाकून दिलेली पाकिटं धुवून वाळवून कात्रीने लांब पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि मग हातमागावर ताणा म्हणजे उभे धागे दोऱ्याचे, बाणा म्हणजे आडव्या पट्ट्या प्लास्टिकच्या असं कापड विणतात. तेव्हापासून रोज ऑफिसला हीच, लॅपटॉप, डबा, बाटली, येताना भाजी, म्हणजे चारेक किलो वजन आणि वर पीएमपी बसची गर्दी.

कापडावर माझा जीव जडलाय खरंच. रंग वेगळा दिलेलाच नाही, पाकिटाचा जो असेल तो. जवळून बघितलं तर एका लाल पट्टीवर छापील किमतीतलं अर्धं अक्षर दिसतं, मधेच एक चंदेरी रेघ चमकते, ती पाकिटाची आतली बाजू. चंदेरी कुठे वर आणायची, गडद पट्ट्या तळाला आणि फिक्या वर, हे विणणारीने किती विचार करून ठरवलंय! सुरुवातीला हात लावला की कुरकुर वाजायची, महिन्याभरात मऊ पडली.

आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात, त्यांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "ह्याला तर भंगारवाला हातपण लावत नाय." खरंय, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सहजी वेगळे होत नाहीत, मग भाव कुठून मिळणार. २०१८ ला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली पण ही पाकिटं चालूच राहिली, म्हणून त्यांचं कापड होतंय हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात खांद्यावर अडकवायच्या रेक्झिनच्या पट्ट्यांचे पापुद्रे निघायला लागले, काळे कण ड्रेसला चिकटायचे. मग लॅपटॉपच्या कोपऱ्याने आतलं अस्तर फाटलं, दिवाळीच्या आधी चेनचा रनर गेला. म्हणजे बघा, जे कचऱ्यातून आलं ते शाबूत आणि जे नवं कोरं आणून लावलं ते सगळं गेलं. विणकामात एवढी मेहनत घेतल्यावर पट्टे असले का लावायचे, आणि तेही असे शिवलेले की बदलायचे तर पिशवीच उसवावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटलं. बनवणाऱ्यांना कळवलं तर नवी पिशवी सवलतीत देतो म्हणाले, पण मला नवी नको होती, हीच नीट करून हवी होती.

शेवटी मीच केली. जुन्या बाजारातून गाडीचा सीटबेल्ट आणला ८० रुपयांना, अस्तराला आजीच्या लुगड्याचा गोधडीतून उरलेला तुकडा, आणि चेन-बॅगवाल्या काकांनी रनरसकट सगळं १५० मध्ये बसवून दिलं. सीटबेल्ट खांद्याला रुततही नाही.

घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, पावसात विणीतून पाणी आत येतंच, लॅपटॉपला वेगळं कव्हर लागतं. इस्त्री अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसली तरी पुरे. पट्टीचं टोक बाहेर आलं तर ओढू नका, कात्रीने कापा, मी ओढलं तर बोटभर वीण सैल झाली ती झालीच. बहिणीसाठी दुसरी घ्यायचीये, पण पट्टे त्याच विणलेल्या कापडाचे असतील तरच.