तीन जोड्या, एक भट्टी: फायबर घातलेलं कोणतं इंटरमेटॅलिक गरम हवेत टिकेल?

भाची सांगलीत एम.टेक. करतेय. विषय ठरलाय: सिरॅमिक फायबर घातलेल्या इंटरमेटॅलिक कंपोझिटचं ऑक्सिडेशन. इंटरमेटॅलिक म्हणजे धातूचं दुसऱ्या मूलद्रव्याशी ठरावीक प्रमाणात जमलेलं संयुग; त्यात फायबर बसवला की झालं कंपोझिट. अडलंय ते इंटरमेटॅलिक आणि फायबरची जोडी कोणती घ्यायची इथं. रविवारी जेवायला आली तीच कागदांचा गठ्ठा घेऊन. "मामा, तुझा जन्म कुपवाडच्या भट्ट्यांपुढं गेला, तूच सांग."

पहिली जोडी टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइड आणि सिलिकॉन कार्बाइडचा फायबर. वजनाला हलकी. जेट इंजिनासाठी हिच्यावर पूर्वी भरपूर काम झालंय, त्यामुळं वाचायला कमी नाही. पण तिथं वापरतात तो फायबर साधारण १४० मायक्रॉन जाड, आणि त्याच्या अंगावर कार्बनचा पातळ थर असतो. तो मुद्दाम दिलेला असतो, धातूनं फायबरला खाऊ नये आणि तडा आला तर फायबर सुटून यावा म्हणून. गोम तिथंच आहे. कूपन, म्हणजे चाचणीचा छोटा तुकडा, डायमंड व्हीलवर कापलं की दोन्ही कडांना फायबरची टोकं उघडी पडतात. ६०० अंशांच्या आसपास हवेत कार्बन जळतो आणि फायबरभोवती बारीक पोकळी उरते. तिथून ऑक्सिजन सरळ आत. वरून कूपन ठणठणीत, आतून वाळवी लागलेली चौकट!

त्यात वजनाचा आलेख फसवतो. ऑक्साइड चढतं तसं वजन वाढतं, कार्बन जळतो तसं घटतं. दोन्हींची वजाबाकी शून्याजवळ आली की पोरं खूश. म्हणून वजनाबरोबर प्रत्येक वेळी एक कूपन आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंच. हे तिन्ही जोड्यांना लागू आहे.

दुसरी निकेल अ‍ॅल्युमिनाइड आणि अ‍ॅल्युमिनाचा फायबर. निव्वळ ऑक्सिडेशन बघायचं तर ही सगळ्यात सरळ. फायबर मुळातच ऑक्साइड, त्याला जळायचं भय नाही. मॅट्रिक्सवरही, म्हणजे फायबर ज्यात बसवलाय त्या मालावरही, अ‍ॅल्युमिनाचाच थर धरतो आणि जिरकोनियमचा किंचित अंश घातला तर तो चांगला चिकटून राहतो. दुखणं आहे प्रसरणाचं. अंशामागे निकेल अ‍ॅल्युमिनाइड दशलक्षात साधारण १४ भाग फुगतं, अ‍ॅल्युमिना आठ-नऊ. एका तापमानाला शंभर तास ठेवलं तर गुणी बाळ. रोज तापवून थंड केलं की मॅट्रिक्स आणि फायबर एकमेकांपासून सुटायला लागतात.

तिसरी मॉलिब्डेनम डायसिलिसाइड आणि सिलिकॉन कार्बाइड. हे नाव आम्हा भट्टीवाल्यांना घरचं. १७०० अंशांच्या मफल भट्टीतले यू आकाराचे एलिमेंट याचेच. हजार अंशांवर अंगावर सिलिकाचा काचेसारखा थर येतो आणि माल स्वतःला जपतो. वैरी आहे मधलं तापमान. ४०० ते ६०० अंशांत मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन बरोबरच ऑक्सिडाइझ होतात, मॉलिब्डेनमचं ऑक्साइड तड्यांत फुगतं आणि नमुन्याची भुकटी होते. याला पेस्ट म्हणतात, इंग्रजीतलं pest, म्हणजे कीड; लगद्याची पेस्ट नव्हे. साध्या मॉलिब्डेनम डायसिलिसाइडमध्ये सिलिकॉन कार्बाइडचा फायबर घातला की प्रसरणाच्या फरकानं थंड होतानाच तडे जातात, म्हणजे पेस्टला आयतं निमंत्रण. यावर तोड निघालेली आहे: मॅट्रिक्समध्ये ३० ते ५० टक्के आकारमानानं सिलिकॉन नायट्राइड मिसळायचं. पेस्टही थांबतं आणि प्रसरणही फायबरच्या जवळ येतं.

माझं मत तिसरीकडं, पण नायट्राइडसकटच. पहिली घेऊ नकोस म्हणून सांगितलं. एवढ्या मुदतीत कार्बनच्या थरातून डोकं वर निघायचं नाही. हॉट प्रेस, म्हणजे तापवता तापवता दाबणारं यंत्र, कुठं मिळणार हे आधी विचारून ये म्हटलं, ते तिन्हींना लागतं. आणि गाईड फक्त स्थिर तापमानावर समाधानी असतील तर दुसरी घे, लवकर सुटशील.

जाताना तिनं माझ्याकडचा तुटका एलिमेंट मागितला, ५०० अंशांना ठेवून बघते म्हणाली. दिला. त्यात काचेचाही अंश असतो, शुद्ध नमुन्याशी तुलना करू नकोस, एवढं मात्र दारात उभं राहून दोनदा बजावलं.